ठरावातलं झाड

मामाचं दुकान मी वाचवणार, असं मी घरात जाहीर केलं तेव्हा मामी भांडी घासत होती. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"आधी स्वतःची खोली वाचव," म्हणाली. "पाय ठेवायला जागा नाही आत!"

आता आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाच्या मुलीच्या खोलीत पुठ्ठे, कटर, गोंदाच्या बाटल्या आणि नकाशांच्या गुंडाळ्या नसणार तर काय असणार? पण मामीला कोण समजावणार! कॉलेजसाठी मी मामा-मामीकडे राहते. त्यांच्या घरचं खाते, त्यांची बोलणी खाते आणि त्यांच्या घरात कचरा करते. तेव्हा परतफेड म्हणून एखादं दुकान वाचवणं माझ्या मते अगदीच किरकोळ होतं.

दुकान शिलाई मशीन दुरुस्तीचं. जुन्या पोस्टाच्या मागच्या गल्लीत, बरोबर कोपऱ्यावर. लाकडी फळ्यांचं दार, वर कठडा मोडलेला सज्जा, आत तेलाचा वास आणि पोटं उघडी टाकून बसलेली मशीनं. ती अख्खी गल्ली पाडून तिथे गाड्या लावायला उंच इमारत बांधायची, असं नगरपालिकेने मनावर घेतलं होतं. नोटिसा लागल्या होत्या. मामा जेवताना एकदम घास हातात धरून थांबायचा आणि विचारायचा, "पण मग मशीनं लोक आणणार कुठे?" 

आमच्या मॅडमनी नगरपालिकेच्या मोठ्या साहेबांना गळ घातली. पाडायचं ते पाडा, पण त्याआधी आमच्या मुलांनी काय विचार केलाय तो एकदा बघा! कॉलेजात प्रदर्शन मांडा, बघायला येतो, असं साहेब म्हणाले. झालं! आमच्या वर्गाला विषय मिळाला: 'वारशाच्या आधारे शहराच्या मध्यभागाचं पुनरुज्जीवन.' मी हे नाव मामाला म्हणून दाखवलं. त्याने पेचकस खाली ठेवून पूर्ण ऐकलं.

"एवढ्या लांब नावात माझं दुकान कुठे बसतं गं?"

"मधोमध!" मी म्हणाले. "तू काळजीच करू नकोस. एक वीट हलू देणार नाही मी!"

ऐका, हे मी बोलले होते. तोंडाने. साक्षीदार आहेत.

आमचा गट तिघांचा. मी, मोजपट्टी आणि गोंद्या. मोजपट्टी ही मुलगी दिसेल ते मोजते. गल्लीतल्या चष्मेवाल्याच्या दुकानाचा उंबरठा मोजता मोजता तिने त्याची चप्पलही मोजली होती. गोंद्या मॉडेल बनवतो. त्याच्या बोटांना कायम इतका गोंद असतो की त्याने एखाद्याशी हात मिळवला तर सोडवायला तिसरा माणूस लागतो. तिघांनी मिळून गल्लीतलं घर न् घर मोजलं, काढलं, पुठ्ठ्यात कापलं. आमचं म्हणणं साधं होतं. काही पाडू नका, छपरं दुरुस्त करा, गाड्या बाहेर थांबवा आणि ज्यांची दुकानं आहेत त्यांना तिथेच राहू द्या.

मामाचं दुकान मात्र मी कुणाला हात लावू दिला नाही. ते मी एकटीने केलं. फळ्या एकेक वेगळ्या. सज्ज्याचा मोडका कठडा काडेपेटीच्या काड्यांचा, तोही मोडून दाखवलेला! आत तारेचं इवलंसं मशीन. मॉडेलवर ते शेवटी चिकटवायचं ठरलं होतं, कारण त्याआधी मला ते मामाला दाखवायचं होतं. म्हणून जेवणाच्या रिकाम्या डब्यात खाली कापूस घालून मी ते घरी आणलं.

मामाने ते तळहातावर घेतलं. चष्मा वर केला, खाली केला. 

"पाटी जरा वाकडी आहे," शेवटी म्हणाला.

"दुकानात वाकडीच आहे, मामा!"

"हो की!" आणि असा हसला की काय सांगू! पुन्हा डब्यात कापसावर ठेवलं त्यानेच. झाकण लावलं त्यानेच. उद्या प्रदर्शनाला गल्लीतल्या सगळ्यांना घेऊन येतो म्हणाला.

सकाळी मी डबा उचलला आणि कॉलेज गाठलं. मॉडेल टेबलावर मांडलं. मोजपट्टी टेबल मोजत होती. गोंद्या बाटली घेऊन सज्ज. मी ऐटीत डब्याचं झाकण उघडलं.

आत जेवण होतं!

चांगलं वाढलेलं, कोपऱ्यात लोणचं घातलेलं जेवण!  मी मामीला फोन लावला.

"मामी, डब्यात काय होतं?"

"जेवण! संपव सगळं, परत आणू नकोस."

"त्याच्या आधी गं!"

"आधी होय? पुठ्ठ्याचा कचरा आणि कापूस. डबा असा ठेवतात का कुणी? टाकला आणि स्वच्छ घासला."

"कुठे टाकला?"

"कचऱ्यात टाकतात कचरा! गाडी आत्ताच गेली. का गं?"

का गं! एका बाईने स्वतःच्या नवऱ्याचं दुकान कचऱ्याच्या गाडीत घालून वर मला विचारलं, का गं! पण तिला तरी काय बोलणार? घरातलं एकही माणूस माझ्या खोलीतला कचरा कुठला आणि कलाकृती कुठली हे सांगू शकलं नसतं.

इकडे साहेब शेजारच्या वर्गात पोचले होते. नवीन दुकान करायला वेळ नाही. आणि आमच्या देखण्या गल्लीच्या कोपऱ्यावर पेन्सिलीची चौकट आणि मधे गोंदाचा पिवळट डाग!

"काहीतरी ठेव!" मी किंचाळले.

गोंद्याने खिसे चाचपले. त्याच्या खिशातून एक स्पंजचं झाड निघालं. हिरवं, टपोरं. त्याने ते डागावर दाबून बसवलं. मोजपट्टीने पुठ्ठ्याची एक पट्टी दुमडून खाली बाक केलं. प्रमाणात, अर्थात! "तात्पुरतं आहे," गोंद्या म्हणाला. "कोण बघतंय कोपऱ्यात!"

साहेब कोपऱ्यातच बघत होते.

आल्या आल्या ते मॉडेलवर वाकले. मागे मॅडम, त्यांच्यामागे मान डोलावणारे दोन अधिकारी. साहेबांचं बोट गल्लीतून चालत आलं आणि झाडापाशी थांबलं.

"हे काय?"

"झाड, साहेब. पण ते..."

"झाड मला दिसतंय. इथे इमारत आहे ना? तुम्ही काढलीत?"

"काढली नाही हो साहेब! हरवली! तुकडा हरवलाय आमचा!"

साहेब सरळ झाले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता बाहेर काढतात.

"हरवलेला तुकडा!" ते हळूच म्हणाले. "या दाटीत शहराचा मोकळेपणाच हरवलाय. आणि तो तुम्ही परत दिलात! वा!"

दोन अधिकाऱ्यांनी मान डोलावली.

"तसं नाही, साहेब, तो खरंच हरवलाय. मामीने टाकला!"

"घरच्यांशीसुद्धा चर्चा केलीत! लोकसहभाग!" साहेबांनी मॅडमकडे वळून पाहिलं. "बाकीच्या गटांनी एकतर सगळं पाडलंय, नाहीतर सगळं तसंच ठेवलंय. यांनी एक इमारत सोडली आणि अख्खी गल्ली वाचवली. हा कोपरा मोकळा होत असेल, तर बाकी गल्लीला मी हात लावणार नाही. आजच शब्द देतो!"

आता मॅडमनी खरं सांगावं की नाही? सहा महिने ज्या बाईने आम्हाला 'एक खिळासुद्धा काढायचा नाही' म्हणून झोडपलं, ती बाई म्हणाली, "फार धाडसी निर्णय होता, सर. आम्ही बरीच चर्चा केली." आणि टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. जोरात!

तेवढ्यात दारातून मामा आला. इस्त्रीचा शर्ट, ओले करून बसवलेले केस, मागे अख्खी गल्ली.

"हे माझं!" चष्मेवाला धावतच आला. "अरे, खिडकीसुद्धा आहे! अरे, माझा उंबरठा!"

जो तो आपापल्या दुकानावर बोट ठेवायला लागला. मामा शांतपणे कोपऱ्याकडे गेला. वाकला. चष्मा वर केला, खाली केला. मग झाडाच्या मागे डोकावून बघितलं. दुसऱ्या बाजूने येऊन पुन्हा डोकावलं. मी त्याच्याकडे जायला निघाले.

साहेबांनी हात वर केला. "मंडळी, आनंदाची बातमी! तुमची गल्ली पाडणार नाही. सगळी घरं राहतील. फक्त या कोपऱ्यावर एक झाड आणि बाक येईल!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट! चष्मेवाल्याने गोंद्याला मिठी मारली आणि चिकटला. मामाही टाळ्या वाजवत होता. सगळे वाजवतात म्हणून असेल. मग त्याचे हात सावकाश थांबले.

"कोपऱ्यावर तर आपलंच आहे ना गं?" त्याने मला विचारलं.

घरी मी मामीला एकटीला गाठून सगळं सांगितलं.  ती उठली आणि कचऱ्याचा रिकामा डबा पुन्हा आतून बघून आली. मला इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी मी माझी खोली आवरली.

पण मी गप्प बसणारी नव्हे! मी मोजपट्टीला घेऊन नगरपालिकेत गेले. साहेबांनी बसवलं, चहा मागवला. मी दुकानाचा फोटो, मोजमाप, सगळं पुढे ठेवलं आणि म्हटलं, "साहेब, ते झाड चुकून लागलं. ते काढा आणि दुकान राहू द्या."

साहेबांचा चेहरा पडला. "झाड काढा? अहो, ठरावात मंजूर झालंय ते! झाड काढायचं म्हणजे उद्यान खात्याची परवानगी, मग वृक्ष समितीची, मग हरकती मागवाव्या लागतील..."

"पण झाड नाहीचये तिथे! तिथे दुकान आहे!"

"दुकान आहे, पण ठरावात नाही. झाड ठरावात आहे."

मोजपट्टीने आयुष्यात पहिल्यांदा हातातली टेप बंद केली. तिलाही कळलं, इथे मोजून काही उपयोग नाही. असलेलं दुकान पाडायला एक सही पुरते. नसलेलं झाड तोडायला तीन खाती लागतात!

"तुमच्या मामांना वाऱ्यावर सोडणार नाही आम्ही," साहेब दारापर्यंत सोडायला आले. "नव्या संकुलात गाळा देतोय."

दिला. तिसऱ्या मजल्यावर! लोखंडी मशीन डोक्यावर घेऊन तिसरा मजला कोण चढणार? पहिल्या आठवड्यात एक बाई चढून आली. तीसुद्धा दम खाऊन म्हणाली, "काका, मशीन खालीच आहे, तुम्हीच येता का?" मामा खाली गेला. दोघांनी मिळून वर आणलं. नंतर त्याची कंबर धरली आणि मामीने गाळ्याला कुलूप लावलं.

गल्ली मात्र झकास झाली हो! रंग लागले, दिवे लागले, लोक फोटो काढायला येतात. चष्मेवाल्याचं इतकं चाललंय की त्याने पोरगा हाताशी घेतला. कोपऱ्यावर हातभर रोपटं लावलंय, त्याला लोखंडी पिंजरा आहे. सावली पिंजऱ्याचीच पडते. खाली बाक.

मामा रोज दुपारी त्या बाकावर जाऊन बसतो. दुकान जिथे होतं तिथेच, जवळजवळ त्याच उंचीवर. कुणी जुनं गिऱ्हाईक मशीन घेऊन आलंच, तर 'आता नाही' असं त्यानेच सांगायला हवं ना, म्हणून.

परवा मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. मनात खूप दिवस साठलं होतं. प्रदर्शनाच्या दिवशी मॅडमनी साहेबांना जे 'बरीच चर्चा केली' म्हणून सांगितलं होतं, ते मामाच्याही कानावर गेलं होतं आणि त्याला ते खरंच वाटत होतं. तो कधी रागावला नाही, हेच मला सहन होत नव्हतं. म्हणून सगळं सांगून टाकलं. डबा, मामी, गोंदाचा डाग, गोंद्याच्या खिशातलं झाड.

मामा ऐकत राहिला. समोरून दोन पोरं फोटो काढून गेली.

"म्हणजे ठरवून नाही?" त्याने विचारलं.

"नाही, मामा."

"दुकान नुसतंच पडलं?"

"हो."

त्याने पिंजऱ्याकडे पाहिलं. मग इकडेतिकडे पाहून माझ्याकडे सरकला.

"हे कुणाला बोलू नकोस," म्हणाला. "मी सगळ्यांना सांगितलंय, बाकीची गल्ली वाचावी म्हणून माझ्या भाचीने खूप विचार करून माझं दुकान दिलं. त्यावरच बसलोय इथे."

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

तेव्हा तुम्हालाही हात जोडून सांगते. त्या गल्लीत कधी गेलात आणि बाकावर कुणी तेलकट नखांचा माणूस भेटला, तर आम्ही खूप विचार केला होता, बरं का!