नानांचा बंद कूलर

मे महिन्यात, भर दुपारी, जळगावात पाहुण्याला घरात घेऊन आधी कूलर बंद करणारा, मग पंखा बंद करणारा आणि शेवटी खिडक्याही लावून घेणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या कॉलनीतले देवरे सर. सगळे त्यांना नाना म्हणत. तुमच्या मानेवरून घामाचे ओघळ सुरू झाले की नाना तबकडीवर सुई टेकवत आणि म्हणत, "आता ऐका. पंख्याच्या आवाजात पुरावा बुडतो."

पुरावा म्हणजे जाझ.

कॉलेजात नाना इतिहास शिकवत, मी भूगोल. जुन्या सनदा वाचण्यात जळगाव-धुळ्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण मुंबईला एम. ए. करताना ते एका गोवेकर ट्रम्पेटवाल्याच्या शेजारच्या खोलीत राहिले आणि तिथेच बिघडले, असं अक्का म्हणत. अक्का म्हणजे त्यांच्या पत्नी, माहेर धुळ्याजवळच्या खेड्यातलं. नाना पुस्तकी मराठीत बोलत, अक्का अहिराणीत उत्तर देत, आणि संसार बिनतक्रार चाललेला.

पुण्याच्या एका मासिकात नाना दर महिन्याला एका रेकॉर्डचं परीक्षण लिहीत. रीत मात्र इतिहासाची. पाकिटावर छापलेल्या मजकुराला ते 'बखर' म्हणत आणि त्याला हात लावत नसत. खरं काय ते तबकडीत. शिवाय एका साक्षीदारावर त्यांचा विश्वास नसे, मग तो साक्षीदार ते स्वतः का असेनात. त्यामुळे ते ऐकायला दुसरा माणूस पकडून आणत. उन्हाळ्यात नाना फाटकाशी दिसले की कॉलनीतले कर्ते पुरुष मागच्या दाराने पसार होत. एकदा धरणगावचे एक भाऊ आपण होऊन आले, तेव्हा नानांना कोण आनंद झाला. अख्खी रेकॉर्ड घाम पुसत ऐकून भाऊ म्हणाले, "वाजाडतस चांगलं. पन लगीनना दिन टाइमवर येतीन ना?" त्यांना मुलीच्या लग्नाला बँड ठरवायचा होता. नाना रागावले नाहीत. "चांगलं वाजवतात, एवढी साक्ष पुरे," म्हणाले.

एका वर्षी मात्र गाडी बिघडली. ड्रमवाल्याने झांजांना हातही लावलेला नाही, हा त्याचा संयम दाद देण्याजोगा आहे, असं नानांनी एका परीक्षणात लिहिलं. त्या वेळी दुसरा साक्षीदार कोणी सापडला नव्हता. पुढच्या अंकात एका वाचकाने विचारलं, झांजा तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजतात, परीक्षकांनी रेकॉर्ड ऐकली की नुसती पाहिली? संपादकांनीही कळवलं की पुढचं जरा जपून, नाहीतर सदराचा विचार करावा लागेल.

"वाचकाने बखर वाचलेली दिसते," नाना म्हणाले. पण हसले नाहीत. त्यानंतर ते कोणाला ऐकायला बोलवेनात. रेकॉर्डचा आवाज मात्र एवढा वाढला की शेजारी माझ्या घरात बसून मला पुरावा मिळू लागला. मला त्यांच्या कानांविषयी शंका आली होती. पण विचारणार कोण?

मे महिन्यात परीक्षणासाठी नवी रेकॉर्ड आली, आणि अक्का कुंपणापाशी आल्या. हळू आवाजात मला म्हणाल्या, "भाऊ, दुपारले या. माले एक गोट देखनी शे. तुम्ही बी देखा."

"कसली गोष्ट? आणि माझं काय काम?"

"त्याच म्हणतस ना, एक साक्षीदार काही कामना नही."

दुपारी गेलो. कूलर बंद, पंखा बंद, खिडक्या बंद. नाना डोळे मिटून स्पीकरला जवळजवळ कान लावून बसले होते. ट्रम्पेट सुरू झालं. अक्का उठल्या, नानांच्या पाठीमागे गेल्या, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कूलरचं बटण दाबलं.

आमच्याकडचा पत्र्याचा कूलर सुरू झाला की घरात पिठाची गिरणी आल्यासारखं वाटतं. नानांनी ओरडावं, उठावं, आम्हा दोघांना घराबाहेर काढावं, असं मला मनापासून वाटत होतं. नाना हलले नाहीत. अक्का जागेवर येऊन बसल्या. त्यांचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते.

रेकॉर्डची बाजू संपली. नानांनी सुई उचलली आणि माझ्या तोंडाकडे रोखून पाहत विचारलं, "काय म्हणता?"

सांगावं, तर माणसाचा जाझसारखा जन्माचा सोबती जातो. न सांगावं, तर पुढच्या अंकात पुन्हा शोभा. "ट्रम्पेट बरं आहे," मी कसंबसं म्हणालो.

"कूलर चालू आहे," नाना म्हणाले.

मला एकदम हायसं वाटलं. "म्हणजे ऐकू आला?" मी मोठ्यानेच विचारलं.

"नाही. मानेला वारा लागला."

कूलर तेवढा घरघरत होता.

"मग बोलला का नाहीत?"

"मी आधी बोललो असतो, तर तुम्हीही तेच बोलला असता. साक्षीदाराला उत्तर सुचवायचं नसतं." नानांनी अक्कांकडे पाहिलं. "आणि जरा डोळा उघडून पाहिलं, तर ही गार वाऱ्यात बसली होती. लग्नापासून माझ्या पुराव्यापायी घामाने भिजत आली. म्हटलं, चालू दे."

मला फार वाईट वाटलं, आणि हा माणूस फार आवडलाही. अक्कांनी पदराने डोळे पुसले.

"संपादकांना कळवतो, दुसरा माणूस पाहा म्हणून," असं म्हणत नाना तबकडी पाकिटात घालू लागले. अक्कांनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली. नाना त्या तबकड्यांना कोणाला बोट लावू देत नसत. अक्कांनी ती नीट बसवली, सुई टेकवली आणि नानांच्या कानाशी खुर्ची ओढून मोठ्याने सांगायला लागल्या.

"आते भोंगावाला एकलाच रडी राह्यना. बाकीना बठ्ठा गुपचूप बठेल शेतस."

ट्रम्पेटचा भोंगा झाला, तरी नाना ऐकत राहिले.

"आते दुसरा उना. त्याले समजाडी राह्यना."

"झांजा?" नानांनी घाबरत विचारलं.

"पहिलेपासून शेतस. बारीक. खलबत्तामा कोनी येलदोडा कुटस तश्या."

नानांनी पेन उचललं आणि एक लांबलचक ओळ लिहिली. अक्का वाकून पाहू लागल्या.

"हाई काय लिखं? मी येलदोडा सांगा व्हता. मी सांगसू तेवढंज लिखा. पदरनं काही घालू नका."

नानांनी ओळ खोडली आणि वेलदोडा लिहिला.