मातीचे बावीस शेठ

राहनाळच्या अंगणवाडीत रंजिताताईंनी इतकी वर्षं फळ्यावर आंबा काढला होता आणि मुलांनी तो बघून बघून गिरवला होता. पण प्रशिक्षणात मॅडमनी बजावलं, "नमुना देऊ नका. मुलांच्या मनातलं येऊ द्या. आणि 'हे काय केलंस?' असं तर मुळीच विचारू नका."

म्हणून शुक्रवारी ताईंनी बावीस मुलांपुढे माती ठेवली. "तुम्हाला आवडणारं माणूस करा," एवढंच सांगितलं. मुलांनी माणसं केली. हात म्हणून खराट्याच्या काड्या खुपसल्या. रंग संपले होते, तेव्हा ताईंनी घरून हळद, कुंकू आणि कोळसा आणला. प्रत्येक माणसाचं पोट भलतंच मोठं झालं होतं, पण ताईंनी विचारलं नाही.

अंगणात कोंबड्या होत्या. शेजारच्या केसरीनाथ शेठच्या गोडाऊनला शुक्रवारची सुट्टी होती आणि त्याच्या ओट्यावर छान ऊन होतं. ताईंनी बाहुल्या तिथे ओळीने वाळत ठेवल्या.

शनिवारी नेमकी अमावास्या होती.

सकाळी ताई येऊन बघतात तर गोडाऊनसमोर हीऽ गर्दी. हमाल हात बांधून बसलेले. ट्रकचा ड्रायव्हर चावी शेठच्या हातात कोंबत होता. "ये टोटका है शेठ! सुई घुसाई है, सिंदूर लगाया है. मैं गाडी नहीं निकालूंगा."

शेठनी रात्रीपासून पोट दुखत असल्याचं सांगताच शेठाणी पुतळाबाईंनी गळा काढला. "बगा! सगल्यांच्या पोटावरच हळद हाय!"

अंजूरच्या भगताला फोन लावला. "किती म्हनालात? बावीस?" भगताचा आवाज स्पीकरवर घुमला. "एवढी माज्याबी बघन्यात न्हाय आली. मोठा उतारा लागंल."

"कोनी केलंय ते कळू दे फक्त," शेठ गरजले. "गावात उभा करायचा न्हाय!"

अंगणवाडीची खोली शेठचीच होती. गेल्या महिन्यात त्यांनी स्वतः शिडीवर चढून खोलीवर नवे पत्रे टाकून दिले होते. आभार मानावेत असं ताईंच्या रोज मनात यायचं, पण शेठच्या मिशा बघून नुसता नमस्कार व्हायचा. आता खोली गेली तर बावीस मुलांना घेऊन बसायचं कुठे? तरीही त्या पुढे झाल्या.

"शेठ, त्या बाहुल्या मी ठेवल्यात."

हमाल उठून उभे राहिले.

"ताई," पुतळाबाई पदर तोंडाशी नेत म्हणाल्या, "तुमीपन?"

"अहो, तसं नाही! मुलांनी केल्यात. हस्तकलेच्या तासाला."

"ल्हान पोरांकडून करनी?" हमालांतून कुणीतरी ओरडलं.

एवढ्यात अंगणवाडीची पोरं धावत आली. चार वर्षांची पूर्वी थेट ओट्यावर चढली आणि तिने एक बाहुली छातीशी धरली. ड्रायव्हर दोन पावलं मागे सरकला.

"ह्यो माजा हाय!"

"कोन हाय गं ह्यो?" शेठनी दबकत विचारलं.

"तूच की!"

"आनि ह्यो?"

"त्योबी तूच. ह्योबी तूच." पूर्वीने सगळ्या ओळीवरून बोट फिरवलं. मग सगळी पोरं आपापला शेठ उचलून दाखवू लागली. शेठनी एकदा बाहुल्यांकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या पोटाकडे.

"पन मीच का?"

"आमच्या डोक्यावर पानी पडत व्हतं," पूर्वी म्हणाली. "तू बंद केलंस."

शेठनी तोंड गोडाऊनच्या शटरकडे वळवलं. डोळे पुसायला त्यांनी उपरण्याचं टोक घेतलं आणि धूळ गेल्याचं कुणी न विचारता सांगितलं. ताईंना आता बोलणं सोपं झालं. "शेठ, मलापण तेच म्हणायचं होतं. महिना झाला."

फोन अजून चालूच होता. "शेठ, उतारा कदी करायचा?"

"उतारा नको. ह्ये उतरवायचं न्हाय," शेठ म्हणाले आणि त्यांनी फोन बंद केला. मग ताईंकडे वळून हळूच विचारलं, "ताई, एक घरी नेऊ का?"

"मला नका विचारू. ज्यांनी केलं त्यांना विचारा."

शेठ गुडघ्यांवर हात टेकत पोरांपुढे खाली बसले आणि त्यांनी रीतसर परवानगी मागितली. पोरांचं आपसात बरंच कुजबुजून झालं. शेवटी पूर्वीने आपली बाहुली पुढे केली.

पुतळाबाईंनी वाकून निरखलं. "ह्याला तोंड कुठं हाय गं?"

"ऱ्हायलं," पूर्वी म्हणाली. "आता करते."

"नको नको!" पुतळाबाईंनी बाहुली चटकन पदरात घेतली. "असाच बरा हाय, बाय."