खंडोबाचा भाला

चिंच देवांच्या भांड्यांसाठी भिजवली आहे, एवढं बळवंतरावांना ठाऊक होतं. ती नाण्यांपर्यंत पोचेल असं मात्र त्यांना वाटलं नव्हतं.

गुडगावच्या नव्या फ्लॅटमध्ये ओट्याच्या कडेला त्यांची वाटी असे. तिच्यात बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणि पाण्यात मुलाने लंडनहून पाठवलेली रोमन काळातली काळीठिक्कर कांस्य नाणी. निवृत्त माणसाला एवढा उद्योग पुष्कळ होता. पाणी बदलायचं, जुन्या टूथब्रशने हलकेच घासायचं, भिंगातून बघायचं. एका नाण्यावर घोड्याचे पाय दिसू लागले होते. हा सम्राट कोणता, ते सांगायला जाणकार चोप्रासाहेब रविवारी जेवायलाच येणार होते. "बस, हरी परत मत छेड़ना," काळ्या मळाखालच्या हिरव्या थराबद्दल त्यांनी फोनवर बजावलं होतं, "वही सिक्के की जान है."

पत्नी इंदुमतीबाईंचं दुःख वेगळं होतं. सरकारी क्वार्टर सोडताना देवघराची बांधाबांध बळवंतरावांनी केली आणि त्यात खंडोबाचा टाक हरवला. तेव्हापासून त्या ह्या जागेला घर म्हणत नसत, 'तुमचा फ्लॅट' म्हणत.

रविवारीच चंपाषष्ठी होती. सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, सापडला!"

बळवंतराव धावले. बाईंच्या तळहातावर चिंच-मिठाने लखलखीत झालेलं नाणं होतं. उधळलेला घोडा, वर स्वार, टापांखाली शत्रू.

"तुमच्या त्या चिल्लरमध्ये पडला होता हो! मल्लासुर बघा पायाखाली!"

हिरवा थर मोरीतून केव्हाच यमुनेच्या वाटेला लागला होता. बळवंतरावांनी ओरडायला तोंड उघडलं. पण बाईंचे डोळे भरून आले होते.

"बिल्कुल तोच," ते म्हणाले.

दुपारी चोप्रासाहेब आले. "सिक्का कहाँ है?"

बळवंतरावांनी नजरेनेच देवघर दाखवलं. सम्राट नाकापर्यंत भंडाऱ्यात बुडाला होता. चोप्रासाहेब वाकले आणि दचकले. "अरे, ये तो..."

"चोप्रासाहब, भरीत ठंडा हो रहा है!" बळवंतराव घाईने म्हणाले.

चोप्रासाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग बाईंच्या चेहऱ्याकडे, आणि हात जोडले. "बहुत पुराने हैं आपके भगवान, भाभीजी."

पाहुणे गेल्यावर ताटं आवरता आवरता बाई म्हणाल्या, "आपल्या खंडोबाच्या हातात तलवार होती. ह्याच्या हातात भाला आहे."

बळवंतरावांनी हातातलं ताट खाली ठेवलं. "तुला कधी कळलं?"

"भंडारा वाहताना. इतकी वर्षं पूजा केली, हात ओळखतो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

बळवंतरावांना नाण्याचं दुःख होतंच, पण ते आता फार लांबचं वाटत होतं.

"बरं, आता एक करा," बाईंनी ती वाटी त्यांच्यापुढे सरकवली. "आपल्या घरात देव एकटा बसत नाही. ह्यांच्यात एखादी म्हाळसा निघते का बघा."

आपल्या घरात! बळवंतरावांनी चष्मा पुसला आणि चिंच कुठे ठेवली आहे ते विचारलं.