श्यामकांतची थोरांची यादी

"नाव काय रस्त्यावर पडलंय, की दिसलं आणि उचललं? ज्या नावाच्या निदान चार माणसांनी इतिहासात पानं अडवलेली नाहीत, ते नाव माझ्या मुलाला लागणार नाही!"

मुलगा अवघ्या तीन दिवसांचा असताना श्यामकांतने ही भीष्मप्रतिज्ञा केली. साल असेल छप्पन्न नाहीतर सत्तावन्न. अंधेरीला बैठ्या चाळीत त्याच्या दोन खोल्या होत्या. मागे वाडी, पुढे विहीर, आणि सकाळी वर्सोव्याची कोळीण दारात पाटी उतरवायची. अशा घरात चक्रवर्ती वाढवायचा, तर सुरुवात नावापासूनच करायला हवी, असं त्याचं म्हणणं.

श्यामकांत नोकरीला होता एका विमा कचेरीत. माणूस किती जगेल, त्याच्या घराण्यात कोण कशाने गेलं, हे तपासून शेरा मारायचा, हेच त्याचं दिवसभराचं काम. झालं! त्याने एक वही आणली, रकाने आखले आणि इतिहासातल्या थोरांना विम्याच्या अर्जदारांसारखं रांगेत उभं केलं.

बाजीराव? पहिला उत्तम, पण दुसऱ्याने पुणं घालवलं. नामंजूर! नारायणराव? खून. नामंजूर! चंद्रगुप्त? सम्राटच सम्राट! पण बायको, नलिनी, अंथरुणातूनच म्हणाली, "अहो, एवढी लांब हाक मारेपर्यंत पोर विहिरीपर्यंत पोचेल!" तेही गेलं.

दहाव्या दिवशी एकदाचं नाव सापडलं. क्रमांक एक, पानिपतानंतर मोडलेलं राज्य उभं करणारे तरुण पेशवे. मृत्यूचं कारण : क्षय. शेरा : आता औषध निघालं आहे. क्रमांक दोन, त्यांच्यानंतरचे 'सवाई' पेशवे. कारण : वाड्याच्या सज्जातून पडून. शेरा : आपण तळमजल्यावर राहतो, हरकत नाही. क्रमांक तीन, तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले गृहस्थ. क्रमांक चार, ग्वाल्हेरचे शिंदे महाराज. खाली तांबड्या शाईत : मंजूर!

कोणते पेशवे ते तुम्ही ओळखलंच असेल. पण श्यामकांतने नाव कुणालाही सांगितलं नाही. आईला नाही, बायकोलाही नाही. "बारशाच्या दिवशी ताई पाळण्यात सांगेल, तेव्हाच कळेल. तोवर कुणी विचारायचं नाही!"

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण वनमाला. बाळाची एकुलती एक आत्या. कानात नाव सांगायचा मान तिचाच. बाराव्या दिवशी ती घाटकोपरहून आली. बरोबर दाजी, म्हणजे तिचे यजमान. दाजी हा मोठा गोड माणूस. घरात शिरले की एकुलती एक आरामखुर्ची गाठायचे आणि ताट संपेपर्यंत कुणाच्या अध्यातमध्यात नसायचे. श्यामकांत बारा वर्षांचा असताना हे लग्न झालं होतं. त्यातलं त्याला आठवत होतं ते फक्त जिलबीचं पातेलं. तेव्हापासून दाजी ते दाजीच!

पाळणा सजला. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" झालं. श्यामकांतने घडी घातलेली चिठ्ठी ताईच्या हातात ठेवली आणि लढाई जिंकल्यासारखा मागे सरला. वनमाला वाकली. "कुर्रर्र" म्हणाली. चिठ्ठी उघडली. आणि तिची वाचाच बसली!

शेजारच्या सुहासिनीबाईंनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपका घातला. आणखी चार बायकांनी घातले. वनमाला ढिम्म!

"अगं, काय नाव?" आईने विचारलं.

वनमालेने मान हलवली.

"ताई, अक्षर लागत नाही का? मी छापील काढलंय!"

पुन्हा मान हलली. चेहरा लालबुंद!

"वन्सं, साडी आवडली नाही का?" नलिनी रडवेली झाली.

"मी म्हटलं नव्हतं, आत्याला नारायणपेठी घ्या म्हणून!" आई कडाडली. "नलिनी, तुझं जांभळं लुगडं काढ!"

"आणि नुसत्या साडीवर काय भागवता हो," सुहासिनीबाईंनी तेल ओतलं. "आमच्याकडे आत्याला अंगठी घालतात."

आरामखुर्चीतून दाजींनी प्रथमच मान वर केली. "म्हणजे? आम्ही काय साडीसाठी अडून बसलोय? वनमाला, चल, ऊठ!"

आता श्यामकांत दार अडवून उभा राहिला. आत्या उठून गेली, तर बारसं मोडलं! सात दिवसांची मेहनत, चार थोर पुरुष, सगळे घुगऱ्यांबरोबर वाटले जाणार! इकडे बाळाने भोकाड पसरलं. वनमालेने कळवळून दाजींकडे बोट दाखवलं.

"अगंबाई! जावईबापूंचा मान राहिला!" आईने कपाळावर हात मारला.

मग काय विचारता! दाजींना पुन्हा खुर्चीत बसवलं. कुंकू लावलं, हातात नारळ दिला, खांद्यावर श्यामकांतच्याच लग्नातलं उपरणं टाकलं, पुढे सहावी पुरणपोळी वाढली. दाजी बिचारे सत्यनारायणाच्या चौरंगासारखे नटून बसले. वनमालेने पुन्हा त्यांच्याकडे बोट दाखवलं. आईने सातवी वाढली!

श्यामकांतचा संयम सुटला. त्याने चिठ्ठी हिसकावली. "ताई, एवढं साधं नाव घेता येत नाही तुला?" असं म्हणून त्याने ते नाव असं खणखणीत उच्चारलं, की विहिरीवरच्या बायकासुद्धा वळून पाहू लागल्या.

आणि आरामखुर्चीतून आवाज आला, "ओ! आता आणखी काय?"

बाळसुद्धा रडायचं थांबलं.

"मेल्या!" आई हळूच म्हणाली. "जावयाचं नाव आहे ते! नवऱ्याचं नाव ती तोंडाने कशी घेईल?"

दोन हजार वर्षांतल्या थोरांची मृत्यूची कारणं श्यामकांतला तोंडपाठ होती. त्याच नावाचा एक माणूस त्याच्याच घरात सातवी पोळी खात होता, तो मात्र वहीतून निसटला होता! त्याने सारवासारव करायला तोंड उघडलं. "दाजी, खरं म्हणजे पानिपतानंतर..."

पण दाजी केव्हाच उठले होते. त्यांचे डोळे भरून आले होते. "श्यामकांतराव, सख्ख्या भावांनीसुद्धा कधी माझी आठवण ठेवली नाही हो! आणि तुम्ही पोटच्या पोराला माझं नाव..." त्यांनी मेव्हण्याला नारळासकट मिठी मारली. आता त्या माणसाला पेशव्यांचं कोण सांगणार?

तेवढ्यात सुहासिनीबाई म्हणाल्या, "अगं, मग उखाण्यात घे की!"

वनमाला पुन्हा पाळण्याशी वाकली आणि कुजबुजली,

"पाळण्याच्या चौकटीला आंब्याचं पान,
...रावांचं नाव घेते, भाच्या, दे कान!"

उखाण्यात नाव ठेवलेलं दुसरं मूल अंधेरीत असेल असं वाटत नाही. संध्याकाळपर्यंत अख्ख्या चाळीत झालं, श्यामकांतने मुलाला दाजींचं नाव दिलं. दाजी त्या दिवसापासून दर रविवारी नावाला जागून जेवायला येऊ लागले. महिन्याभराने श्यामकांतने निमूटपणे वही काढली आणि लिहिलं : क्रमांक पाच, आमचे दाजी, घाटकोपर. हयात. शेरा : भूक उत्तम.

आता तुम्ही म्हणाल, बाई, एवढं पुराण सांगितलंत, पण नाव शेवटपर्यंत लिहिलं नाहीत! काय करू? ती वनमाला म्हणजे मीच. हे जाऊन बारा वर्षं झाली, पण आत्ताही पेन दोनदा टेकवलं आणि दोनदा उचललं. भाच्याला मी जन्मभर 'पेशवे' म्हणत आले. आणि नातवाला इतिहास शिकवताना पानिपत संपलं की मी थेट इंग्रजांवर उडी मारते. पोर नापास झालं परवा!