झिपरोबा पेडल निवडतो

एका जंगलात वीज नव्हती, पण इलेक्ट्रिक गिटार होती. ती काजव्यांवर चालायची. कशी, ते विचारू नका मुलांनो. काजव्यांनाही ते ठाऊक नव्हतं.

गिटार होती झिपरोबा नावाच्या अस्वलाची. त्याला एकच धून यायची. रोज संध्याकाळी तो ती पाणवठ्यावर वाजवायचा. ती ऐकली की वाघाला हमखास डुलकी लागायची, आणि मग सगळे निवांत पाणी प्यायचे. धून चांगली आहे असं कुणीच म्हणत नसे. पण तहान भागायची.

एकदा झिपरोबा साळिंदराच्या दुकानात तारा आणायला गेला. साळिंदराने त्याला पायाने चालवायचं एक पेडल दाखवलं. पंजा पुढे दाबला की गिटारचा सूर सरकत सरकत वर चढे, टाच टेकली की खाली घसरे. झिपरोबाचा जीव त्यात अडकला. पण दुकानात तसली पेडलं ढीगभर होती. योग्य पेडल मिळेपर्यंत गिटारला हात लावायचा नाही, असं त्याने जाहीर केलं. कलावंत म्हणतात तो असा.

मग दुकानापुढे तज्ज्ञांची समिती बसली. वटवाघूळ म्हणालं, सूर दोन सप्तकं वर गेलाच पाहिजे, त्याखालचं संगीत आपल्याला ऐकूच येत नाही. सशाचं म्हणणं, सगळ्या तारा एकदम छेडल्या तरी सूर डळमळता कामा नये. रानडुकराला पेडल लोखंडीच हवं होतं. त्याला सगळंच लोखंडी हवं असे.

इकडे धून बंद, म्हणून वाघ टक्क जागा. पुढच्या बैठकीला ससा आला नाही. त्याच्या पुढच्या बैठकीला रानडुक्कर आलं नाही.

"मतभेद कमी होत चाललेत," साळिंदर समाधानाने म्हणालं.

ठिपकी नावाच्या हरणीला पाणवठ्याकडे फिरकायची सोय उरली नाही. तिचं पाडस चिखल चाटत होतं. ती झिपरोबाकडे गेली.

"दादा, पेडल राहू दे. जुनीच धून वाजव. पिल्लाला पाणी हवंय."

"ताई, टाचेचा उतार नीट नको का? पुढची पिढी काय म्हणेल?"

ठिपकीने पाडसाकडे पाहिलं. पुढची पिढी खोकत होती.

तिला भयंकर राग आला. ती तडक वाघासमोर जाऊन उभी राहिली.

"महाराज, समितीत जागा रिकामी आहे. आपलं मत काय, एक सप्तक की दोन?"

वाघाचा जबडा उघडा तो उघडाच राहिला. आजवर पुष्कळांनी त्याच्याकडे जीवदान मागितलं होतं. मत कुणीच मागितलं नव्हतं.

"तसं पाहिलं तर," वाघ घसा खाकरत म्हणाला, "मी हे फार पूर्वीपासून सांगत आलोय."

वाघ अजून दुकानापुढेच बसलाय. त्याला एका पेडलाचा चढ आवडतो, दुसऱ्याचा उतार. वटवाघूळ उलटं लटकून असहमत आहे. झिपरोबा दोघांचंही पटतंय म्हणून मान डोलावतो. जेवायला उठलो तर माघारी ठराव होईल, या धास्तीने वाघ वाळून काटकी झालाय. आणि पाडस पोटभर पाणी पिऊन पाणवठ्यात डुंबतंय.

तात्पर्य: संगीताने वैरी घटकाभर झोपतो. त्याला खरेदीत सल्ला विचारावा, आणि खरेदी मात्र कधीच करू नये.