तीन ठिकाणी तपासलेल्या फण्या

नूतनबाईंनी यंदा स्वतःला शिस्त लावून घेतली होती. इंटरनेटवर 'केळी' शोधायला बसायचं आणि तासाभराने साड्यांच्या सेलमध्ये निघायचं, हे बंद. आता वहीत आधी प्रश्न लिहायचा, घड्याळ लावायचं आणि उत्तर तीन ठिकाणी तपासायचं. इंटरनेटवर माहिती कशी शोधायची हे तालुक्यातल्या शिक्षकांना शिकवायला त्यांची निवड व्हायची होती आणि ती उद्या केंद्रप्रमुखांसमोर घ्यायच्या पाठावरून ठरणार होती. 'केळीच्या घडात साधारण किती फण्या?' तिन्ही ठिकाणी एकच उत्तर आलं, अठरा. वीस मिनिटांत काम फत्ते! बाई स्वतःवरच खूश झाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर अठरा लिहिताच मेघाने हात वर केला.

"बाई, आमच्या केयीले त दहाच फन्या येता."

"मोजल्यास का?"

"मोजते ना. कापनीले आबासंगं मीच जाते."

वर्ग खिदळला. मागे बसलेल्या केंद्रप्रमुख योगराज साहेबांनी मोबाइल काढला.

"बाई बरोबर आहेत. हे दोन शिक्षकांचे ब्लॉग. दोघांनीही केळीतज्ज्ञ झुलालनानांचा दाखला दिलाय."

नूतनबाईंनी खडू खाली ठेवला. काल याच ब्लॉगांवर त्यांनी आकडा तेवढा पाहिला होता, खालचं नाव वाचलंच नव्हतं. झुलालनाना म्हणजे त्यांचे सख्खे काका! बाईंच्या लग्नात व्याह्यांसमोर नानांनी अठरा फण्यांची थाप मारली होती आणि पुढे बाईंनीच ती शिक्षकांच्या ग्रुपवर कौतुकाने टाकली होती.

गप्प बसलं तर निवड पक्की होती. पण मेघा मान खाली घालून वहीतले दहा खोडायला लागली. बाईंना ते बघवेना.

"खोडू नकोस गं. साहेब, ही माहिती मीच पसरवली आणि काल मीच तपासून खरी ठरवली. नाना माझे काका. तज्ज्ञ वगैरे काही नाहीत, नुसते बोलघेवडे आहेत."

पोरं हसून लोळायला लागली. साहेब मात्र हसले नाहीत.

"तुम्ही तिसरं ठिकाण कोणतं पाहिलंत?"

"तालुक्याची ऑनलाइन पुस्तिका."

"ती मी लिहिलीय," साहेब हळूच म्हणाले. "अठराचा आकडा तुमच्या ग्रुपवरूनच घेतला होता."

मग साहेब उठून मेघापाशी गेले.

"पोरी, तुमचा मळा किती लांब आहे?"

"हा काय, शायेच्या मांगे." मेघाने शाळेच्या मागच्या खिडकीकडे बोट दाखवलं.

"चला, सगळेच मोजून येऊ." दारात बूट चढवता चढवता साहेब थांबले. "आणि बाई, शिक्षकांना प्रशिक्षण तुम्हीच द्यायचं. शिकणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव माझं लिहा."