गप पडलेलं पोर

आमच्या ऑफिसात अलर्ट वाजला की सगळे घाबरतात. साळवे घाबरतात तो वाजेनासा झाला की.

क्रांती चौकाजवळ मिठाईच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. गावोगावच्या दवाखान्यांतल्या पेशंटांच्या नोंदी आम्ही सांभाळतो. म्हणजे सांभाळतो क्लाऊड, दूर कुठंतरी असलेली भाड्याची मशीनं. आम्ही फक्त लक्ष ठेवतो. तिथल्या डेटाबेसला काही दुखलं-खुपलं की साळव्यांच्या मोबाइलवर आपोआप अलर्ट येतो. हे काम त्यांनी भलतंच मनावर घेतलंय. मशीनवर ताण आला की "बीपी वाढलं," जागा भरत आली की "पोट फुगलंय." एकदा मिटिंगमध्ये ते गंभीरपणे म्हणाले, "सकाळीच पोट साफ केलं, आता लई आराम हाय." समोर बसलेल्या ग्राहकानं हातातला समोसा खाली ठेवला.

पण त्यांनी खरा धसका घेतलाय तो शांततेचा. "रडणाऱ्या पोराची काळजी नाय, भाऊ. गप पडलेलं पोर आधी दवाखान्यात न्यावं!" म्हणून त्यांनी प्रत्येक डेटाबेसला हजेरी लावली. ठरल्या वेळी त्याचा 'बरा आहे' असा निरोप यायलाच पाहिजे. नाही आला की अलर्ट. सगळं सुरळीत चाललं असेल तर साळव्यांना चहा गोड लागत नाही. मोबाइल बिघडला तर नाही ना, म्हणून ते मलाच मिस्ड कॉल द्यायला लावतात.

नव्या मॅनेजर मॅडमना ही कटकट सोसेना. "जो अलर्ट विनाकारण वाजेल, तो कायमचा बंद," असं त्यांनी मिटिंगमध्ये जाहीर केलं आणि नेमका तेव्हाच साळव्यांचा मोबाइल कोकलला. पडद्यावर लिहिलं होतं : खुलताबाद, हजेरी नाही.

"खुलताबादला आपला कोण क्लायंट?" मॅडमनी विचारलं. साळवे तोवर जिन्यात पोचले होते. मी मागं धावलो.

"माय हाय माझी," ते म्हणाले.

म्हातारी तिथं एकटी राहते. साळव्यांच्या पुंडलिकनगरच्या फ्लॅटमध्ये तिचा जीव घुसमटतो. रोज सकाळी झाडांना पाणी द्यायला ती मोटर लावते. साळव्यांनी त्या मोटरीलाच एक यंत्र जोडून ठेवलं होतं. मोटर चालली की मायची हजेरी लागली. आज मोटर चालली नव्हती आणि माय फोनही उचलत नव्हती.

माझ्या स्कूटीवरून आम्ही दौलताबादचा घाट चढलो. मागं बसून साळवे सारखा फोन लावत होते. एरवी अखंड बोलणारा हा माणूस चकार शब्द काढत नव्हता, आणि तेव्हा मला त्यांचं ते गप पडलेल्या पोराचं म्हणणं पहिल्यांदाच नीट समजलं.

माय अंगणात सीताफळं निवडत बसली होती. ठणठणीत.

"मोटर जळाली काय गं?" साळव्यांनी स्कूटीवरून उतरता उतरताच विचारलं.

"नाय रं. लावलीच नाय."

"आन् फोन?"

"वाजत हुता की. मला वाटलं, बोलण्यात येळ कशाला घालवतूस, निघ लवकर." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "लेकरा, फोन केला की ह्यो म्हनतो, रविवारी येतो. तो रविवार काय उगवत नाय. मोटर नाय लावली तर बघ, कसा पळत आला!"

चुलीपाशी बाजरीच्या भाकरींची चळत होती आणि वांग्याचं भरीत. एकट्या म्हातारीचा स्वयंपाक नव्हता तो. साळवे रागावतील असं मला वाटलं, पण ते चुलीपाशी फतकल मारून बसले आणि डोळे पुसत जेवले. धूर फार आहे म्हणाले. चूल केव्हाच विझली होती.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, "मग, खोटाच होता ना तो अलर्ट?"

"खरा हुता, मॅडम," साळवे म्हणाले. "मलाच लई उशिरा कळला."

रविवारी सकाळीच त्यांचा फोन आला. आवाज पडलेला. "भाऊ, मायनं आज येळेवर मोटर लावली. अलर्टच नाय."

"मग?"

"मग काय? आता कोनत्या कारणानं जाऊ?"

तेवढ्यात फोनमधून त्यांच्या स्कूटरला मारलेली किक ऐकू आली.

"जातो मी," साळवे म्हणाले. "मी अलर्टची वाट बघत हुतो, हे मायला सांगू नको. तिला वाटू दे, मोटर लावली तरी येतो."